हे शरीर कुणाचं?

(गटाच्या शिबिरातील भाषण)



कलेनं कॅन्सर बरा होत नाही, हे आधीच सांगते. माझा डावा स्तन शस्त्रक्रियेत काढला, नंतर केमोथेरपी झाली. त्या उपचारांमुळेच मी आज तुमच्यापुढे उभी आहे. पण त्या सगळ्या महिन्यांत माझ्याविषयी बोलत होते ते दुसरेच. डॉक्टर नवऱ्याशी बोलायचे, नवरा सासूबाईंशी. मी आपली फाईल मांडीवर घेऊन बसलेली.

त्याच काळात जो स्पेन्स या ब्रिटिश छायाचित्रकार बाईचं काम माझ्या पाहण्यात आलं. जन्म १९३४चा, लंडनमधल्या कामगार कुटुंबातला. लग्नाचे, घरगुती फोटो काढून ती पोट भरायची. १९८२ साली तिला स्तनाचा कॅन्सर झाला. इस्पितळात एक डॉक्टर आला आणि स्वतःची ओळखही न देता त्यानं तिच्या डाव्या स्तनावर शाईनं फुली मारली. हा काढायचा! तिनं नकार दिला, फक्त गाठ काढून घेतली. त्याआधी त्या स्तनावर तिनं लिहिलं, 'जो स्पेन्सची मालमत्ता?' आणि तसा फोटो काढून घेतला. १९९२मध्ये ल्युकेमियानं ती गेली, पण शेवटपर्यंत स्वतःच्या आजाराचे फोटो काढत राहिली.

तिचा वैद्यकीय निर्णय प्रत्येकीनं घ्यावा, असं मी म्हणत नाही. माझा वेगळा होता आणि तो योग्यच होता. मला मोलाचं वाटलं ते तिचं प्रश्नचिन्ह.

मला कॅमेरा येत नाही, गोधडीचा धावदोरा येतो. जुन्या साडीच्या तुकड्यावर मी माझी छाती शिवली. उजवीकडे गोल, डावीकडे लाल दोऱ्याचा व्रण. त्या लाल टाक्यांपाशी हात कितीतरी दिवस अडला. पुरं झाल्यावर तुकडा नवऱ्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "मला भीती वाटते. आणि यापुढे डॉक्टरांशी मी बोलेन."

आपल्या केंद्रात मारहाण, बलात्कार सोसून बाई येते. आपण लगेच विचारतो, "काय झालं?" पोलीस, वकील, कोर्ट, सगळीकडे तिला तेच सांगावं लागतं. कायद्याचं काम अडवू नका, पण तिच्यापुढे कधी कागद, रंग, सुईदोराही ठेवून पाहा. नको म्हणाली तर आग्रह नको. अर्थ विचारू नका. चित्र भिंतीवर लावायचं, फाडायचं की आपल्या अहवालात छापायचं, हे तिनंच ठरवायचं. नाहीतर तिच्या शरीरावर शाईची आणखी एक फुली आपणच मारू.