छोट्या नियमाचे सामर्थ्य



पर्युषणातील व्याख्यान रंगलेले असते. भावनेच्या भरात एखादा तरुण उभा राहतो आणि हात जोडून आजन्म रात्रिभोजनत्यागाचे पच्चक्खाण घेतो. सभा अनुमोदना करते. पुढे दिवाळीची गिऱ्हाइकी येते, दुकान बंद होण्यास रात्रीचे नऊ वाजतात आणि एके दिवशी नियम मोडतो. खरी हानी त्यानंतर होते. महाराजसाहेबांना तोंड कसे दाखवावे, या संकोचाने तो उपाश्रयाची पायरी चढणेच सोडतो. एका नियमासोबत दर्शन, सामायिक, प्रतिक्रमण, सारेच सुटते. असे तरुण प्रत्येक संघात आहेत. अहवालात मात्र केवळ तपस्व्यांची नावे छापली जातात.

वस्तुतः मनुष्याच्या दुर्बलतेचा विचार पूर्वाचार्यांनी केव्हाच करून ठेवला आहे. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर दोन घटिका, अर्थात ४८ मिनिटे, मुखात काहीही न घालणे. त्यापुढे पोरिसी एका प्रहराची, साढपोरिसी दीड प्रहराची, पुरिमड्ढ दोन प्रहरांचे; मग बियासणे, एकासणे, आयंबिल आणि उपवास. शिवाय नवकारशीला दोन आगार, म्हणजे सवलती, आहेत : अनाभोग आणि सहसागार. विस्मरणाने घास घेतला गेला किंवा अकस्मात मुखात काही गेले, तर व्रतभंग होत नाही. ध्यानात येताच थांबावयाचे असते.

काहींना वाटते, तेवढा वेळ तर झोपेतच जातो, त्यात तप कसले? परंतु न खाणे आणि न खाण्याचे पच्चक्खाण करणे यांत अंतर आहे. संकल्पावाचून विरती नाही. सूर्योदय जूनमध्ये सहाच्या सुमारास, तर जानेवारीत सातनंतर. तेव्हा नियम पाळणाऱ्यास रोज सूर्याकडे लक्ष ठेवावेच लागते.

त्याहून सुलभ गंठसी. उपरण्याच्या टोकाला गाठ मारावी. ती असेपर्यंत आहाराचा त्याग. खाण्यापूर्वी नवकार म्हणून गाठ सोडावी, खाणे झाले की पुन्हा बांधावी. पेढीवर दिवसातून आठ वेळा चहा घेणाऱ्या व्यापाऱ्याने हा प्रयोग करून पाहावा. गाठ हाताला लागते आणि निम्मे चहा आपोआप टळतात.

चौदा नियमांची पद्धतही व्यापाऱ्यास सहज समजावी अशी आहे. आज किती द्रव्ये, किती वस्त्रे, कोणते वाहन, किती दिशांना गमन, हे सकाळी ठरवावयाचे आणि सायंकाळी रोजमेळाप्रमाणे ताळा पाहावयाचा. मर्यादा केवळ त्या दिवसाची असते. आचार्य तुलसी यांनी १ मार्च १९४९ रोजी राजस्थानातील सरदारशहर येथे अणुव्रत आंदोलन आरंभिले, तेही अशाच लहान व्रतांच्या आधारावर, आणि त्याचे द्वार जैनेतरांसही खुले ठेवले.

आता त्या तरुणाविषयी. त्याने गुरुमहाराजांपुढे आलोचना करावी, प्रायश्चित्त घ्यावे आणि त्यांच्या अनुज्ञेने आरंभी केवळ अष्टमी-चतुर्दशीच्या चौविहाराचा अभ्यास करावा. महिन्यातून अवघे चार दिवस. त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी घरचा डबा दुकानावर पोहोचला पाहिजे आणि अर्धा तास गल्ल्यावर दुसरे कोणी बसले पाहिजे. एवढी व्यवस्था त्याच्या वडीलधाऱ्यांनी येत्या अष्टमीपासूनच करावी.