पोस्टकार्डावरची सही

देवळाच्या ओट्यावर शास्त्रज्ञाची आठवण काढलेली पाहून कोणास नवल वाटेल. कै. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. केंब्रिजला नाव मिळवून १९७२ मध्ये ते मायदेशी परतले. पुढे १९८८ मध्ये पुण्यास ‘आयुका’ उभी केली. मुले सही मागत. ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही येईल. आणि ती खरोखरच येई! पत्रिकेवर त्यांचा विश्वास नव्हता. पण नुसते बोलले नाहीत. २००८ मध्ये २०० मुलांच्या पत्रिका ज्योतिष्यांपुढे ठेवल्या. हुशार कोण, मतिमंद कोण, हे निम्मेही बरोबर आले नाही. मुलींवर त्यांचा फार जीव. तिघीही विज्ञानातच गेल्या. एकीचे नाव लीलावती, भास्कराचार्यांची आठवण देणारे. २० मे २०२५ रोजी पुण्यात झोपेतच त्यांना देवाज्ञा झाली.