जाळी जिथं बारीक हवी

अभियंता मित्रहो,



मी इथं कोल्हापुरात, शिरोलीत फाउंड्री चालवतो. फायनाइट एलिमेंट पद्धतीशी माझी खरी ओळख करून दिली ती एका तुटलेल्या ब्रॅकेटनं. मेश, म्हणजे गणितासाठीची तुकड्यांची जाळी, करायला सोपं जावं म्हणून आम्ही मॉडेलमधून कोपऱ्यातली गोलाई काढून टाकली होती. अशा टोकदार आतल्या कोपऱ्यात मेश जितका बारीक करावा तितका ताण वाढतच जातो, कुठं थांबत नाही. म्हणून तिथला जास्त ताण दाखवणारा लाल ठिपका खोटा समजून आम्ही सोडून दिला. चाचणीत तडा नेमका तिथूनच गेला.

आमचं एकच कास्टिंग गेलं. नॉर्वेत मात्र 23 ऑगस्ट 1991 रोजी स्लाइपनर ए या तेल-प्लॅटफॉर्मचा अख्खा काँक्रीटचा पाया स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये बुडाला. पायाच्या पोकळ कप्प्यांमधल्या तिकोनी सांध्यांवर मेश जाडाभरडा होता. त्यामुळे भिंतीतला शिअर 47 टक्के कमी दिसला आणि सळयाही अपुऱ्या पडल्या. नंतर नीट विश्लेषण केलं तेव्हा भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती 65 मीटरवर फुटली होती. ज्या पद्धतीचं उत्तर चुकलं, तिनंच ते इतकं जवळचं दिलं! माझा या विद्येवरचा विश्वास तिथं बसला.

पन्नासच्या दशकात विमानांच्या पंखांचा ताठपणा मोजताना ही फायनाइट एलिमेंट पद्धत आकाराला आली, 1960 मध्ये रे क्लफ यांनी तिला हे नाव दिलं. 2005 मध्ये टॉमस ह्यूज आणि सहकाऱ्यांनी मांडलेली आयसोजॉमेट्रिक पद्धत ड्रॉइंगमधले वक्रच गणितात वापरते, म्हणजे आमची ती गोलाई जशीच्या तशी राहते. एक्स्टेंडेड फायनाइट एलिमेंट पद्धतीत तडा एलिमेंटच्या पोटातून पुढं सरकतो, दर पावलाला मेश नव्यानं करावा लागत नाही. हे सगळं आमच्या छोट्या कारखान्यांच्या टेबलापर्यंत यायला हवं. आज सभागृहात शिरोली-गोकुळ शिरगावची तरुण मुलं बसली आहेत. चहाच्या वेळी त्यांना जवळ बसवा, त्यांच्या मॉडेलमधल्या चुका दाखवा, एवढं मी हक्कानं मागतो.

ते तुटलेलं ब्रॅकेट दाराशी टेबलावर ठेवलं आहे, शेजारी भिंगही आहे. जरूर हातात घेऊन बघा.