बायोडाटामधला रंगाचा रकाना

(परभणी येथील युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'त्वचेची काळजी' या विषयावर बोलायला सांगितलंय. मेडिकलमध्ये काम करते, म्हणजे चार चांगल्या क्रीमची नावं सांगेल, असं आयोजकांना वाटलं असेल. नावं मी एकही सांगणार नाही. काऊंटरच्या आत उभं राहून सात वर्षं जे बघतेय ते सांगते. त्याआधी माझ्याच तोंडाची गोष्ट.

मी एकोणीस वर्षांची होते, डी. फार्मच्या पहिल्या वर्षाला. म्हणजे अडाणी नव्हते, हे लक्षात ठेवा. जालन्याहून पाहुणे बघायला आले. त्यांच्यातली एक बाई अम्मीला म्हणाली, "रंग जरा दबता हुआ है, बाकी नक्श अच्छे हैं." त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या आणि अम्मीची समजूत घालायला म्हणाल्या, "सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे हो पोरगी." दोन भाषा, दोन घरं, पण मधला तो 'पण' एकच.

आठवडाभरात खालाने पार्लरमधून एक छोटी डबी आणून दिली. वर नाव नाही, चिठ्ठी नाही. आठ दिवसांत चेहरा असा उजळला की मैत्रिणी विचारायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात ऊन लागलं की गाल लाल व्हायचे. ओठावर लव वाढली, हनुवटीवर पुरळ आलं. बंद केली तर आणखी आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायची. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डबी न बघताच विचारलं, "थांबवलं की जळतं ना?" त्यात स्टिरॉइड होतं. चेहरा ताळ्यावर यायला वर्ष गेलं. आणि ते स्थळ मोडलं ते देण्याघेण्यावरून, रंगावरून नाहीच.

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ते ठरावीक दिवसांसाठी देतात. पण चेहऱ्यावर रोज लावलं की कातडी पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या दिसायला लागतात आणि कातडीला त्याची सवय लागते. 2018 साली सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी रोज कोणीतरी येतंच. मोबाइलवर फोटो दाखवतं, "ताई, हीच ट्यूब द्या." मुलंही येतात, आणि मुलींपेक्षा जास्त लाजतात. गजकर्णाची ट्यूब भावासाठी म्हणून नेतात आणि तोंडाला लावतात. त्यातल्या कित्येक ट्यूबांत स्टिरॉइड असतं. गजकर्णाची खाज त्याने थांबते, बुरशी मात्र आत पसरत जाते. मग घरातल्या सगळ्यांना होतं.

याहून वाईट गोष्ट पाऱ्याची आहे. इथून रेल्वेने हिंगोली-वाशिम ओलांडलं की अकोला. तिथल्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींना गोरं करणारं क्रीम वापरून किडनीचा त्रास झाला, अशी बातमी 2023 मध्ये आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 मधले किडनीच्या एका विकाराचे 22 रुग्ण तपासले. त्यातल्या 15 जणांमध्ये एक विशिष्ट खूण सापडली आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीमं लावत होते. मलप्पुरमची लोकवस्ती बहुतांश मुसलमान आहे. त्या घरांतली लग्नाची बोलणी कशी होत असतील, याची मला कल्पना करावी लागत नाही.

पारा कातडीतला रंग तयार होण्याचं काम अडवतो, म्हणून माणूस उजळ दिसतो. क्रीम थांबवलं की रंग परत येतो. दरम्यान पारा रक्तातून किडनीत जातो. आपल्या 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे पारा घालून सौंदर्यप्रसाधन बनवायला बंदी आहे. नकळत राहिलेला अंश डोळ्यांची प्रसाधनं सोडून इतरांत दहा लाखात एक भागाच्या वर चालत नाही. म्हणून डबी उलटी करून बघा. बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तारीख, घटकांची यादी नसेल तर परत करा. 'कॅलोमेल', 'मर्क्युरस क्लोराइड', 'अमोनिएटेड मर्क्युरी' असं लिहिलं असेल तर हात लावू नका. 'सोन्याचांदीचे दागिने काढून लावा' अशी सूचना असेल तरी तेच, कारण पारा दागिन्याला चिकटतो. आणि अशी क्रीमं वापरत असताना पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला, तर मेडिकलमध्ये येऊ नका, डॉक्टरांकडे जा.

आता थोडं वेगळं बोलते. कुरआनच्या सूरह रूममध्ये अल्लाहच्या निशाण्या सांगितल्या आहेत. तिथे एकाच आयतीत तुमच्या भाषांमधला फरक आणि तुमच्या रंगांमधला फरक या दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात. मी हे लहानपणापासून ऐकत होते, पण लक्ष गेलं ते पुण्यात एका मुलाखतीला गेले तेव्हा. तिथे मला विचारलं, "मुसलमान असून मराठी एवढं चांगलं कसं?" आणि आपल्याच एका लग्नात ऐकलं, "ये तो मराठी में सोचती है." घरात दखनी, बाजारात मराठी, ही आपली जीभ. मराठवाड्याच्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या राबून झालेला हा आपला रंग. दोन्हींसाठी आपण सारखे माफी मागत असतो. आणि फक्त आपणच नाही. गंगाखेड संत जनाबाईंचं गाव, जिथे सावळ्या विठ्ठलावर लोक जीव टाकतात. त्याच तालुक्यातला बायोडाटा उघडा, 'वर्ण: गोरा' पहिल्या पानावर. मे महिन्यात स्टेशन रोडवर उभं राहा. स्कूटीवरच्या पोरी डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून जातात. कोण कुठल्या घरची, ओळखता येत नाही. रंगाची भीती तरी आपल्यात सारखीच वाटली गेलीय.

बरं, काळजी कशी घ्यायची? फार काही नाही. वजूनंतर तोंड घासून पुसू नका, टिपून घ्या. पाचदा पाणी लागतं, म्हणून हिवाळ्यात साधं मॉइश्चरायझर लावा. ग्लिसरीनचंही चालतं. उन्हात जाताना एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, चेहरा-मानेला दोन बोटं भरून. हे गोरं होण्यासाठी नाही, वांग आणि भाजणं टाळण्यासाठी. बाहेर राहिलात तर दोन-तीन तासांनी पुन्हा. नकाब घालत असाल तर आतून घामाने ओला राहतो, तो रोज धुवा, शक्यतो सुती घ्या. हनुवटीवरचे निम्मे पिंपल्स तिथूनच येतात, असं माझं काऊंटरवरचं निरीक्षण आहे. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा तोंडाला नको. उर्सात तुराबुल हक दर्ग्याच्या बाजारातून सुरमा घेता, त्यात शिसं असू शकतं. निदान लहान बाळाच्या डोळ्यात घालू नका. काळ्या 'इन्स्टंट' मेंदीत केसांच्या कलपातलं रसायन असतं, हाताला फोड येतात. हिरव्या पाल्याची मेंदी लावा, रात्रभर बसायला लागलं तरी.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ईदनंतर आहे. पार्लरवालीने 'ब्रायडल पॅकेज'बरोबर एक डबी फुकट दिली. बहिणीने ती माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "बाजी, दोनच महिने लावली तर?" मी माझे तेव्हाचे फोटो काढून दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. डबी अजून कपाटात आहे, तिने टाकलेली नाही, मीही हिसकावली नाही. तिचा बायोडाटा मात्र मीच टाइप केला होता. रंगाचा रकाना होता. अब्बांनी विचारलं, "यहाँ क्या लिखना?" मी तो रकानाच काढून टाकला. दोन घरांनी फोन करून मुद्दाम विचारलं. तिसऱ्याने विचारलं नाही, लग्न तिथे ठरलं.

आता प्रश्न विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही, त्यांनी कागदावर लिहून द्या. मुलांनीही.