दुधाळ पाण्याचा जमाखर्च



पोलादाचा भाग घासून अचूक मापाला आणणाऱ्या ग्राइंडिंग यंत्रावर दुधाळ पाण्याची धार अखंड चालू असते. कारखान्यात तिला कूलंट म्हणतात. शंभरात पंच्याण्णव भाग पाणी, उरलेले तेल व रसायने, असा हा मामला. ही धार कमी करावी, हा विचार आता मालकवर्गालाही पटू लागला आहे. प्रश्न आहे तो, ती कशी कमी होणार आणि कोणाच्या जिवावर, हा.

या धारेचा इतिहासही बोलका आहे. कामगार चळवळीने ज्याचे नाव स्टॉपवॉचमुळे लक्षात ठेवले, त्या फ्रेडरिक टेलरनेच १८८०च्या दशकात अमेरिकेतील मिडव्हेल पोलाद कारखान्यात हत्याराच्या टोकावर पाण्याचा जोरदार झोत सोडून कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवून दाखविला. तेव्हापासून जास्त पाणी म्हणजे जास्त उत्पादन, असे समीकरण उद्योगात रूढ झाले.

परंतु लेथ आणि ग्राइंडिंग यांत मोठा फरक आहे. लेथवर बहुतांश उष्णता छिलक्याबरोबर निघून जाते. ग्राइंडिंगमध्ये चाकाचे बोथट कण कापण्यापेक्षा घासतातच अधिक; त्यामुळे नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चाकाखाली उष्णतेचा मोठा वाटा जॉबमध्ये शिरतो. पोलाद निळसर पडते, त्याचे पाणी उतरते, सूक्ष्म तडे जातात. असा भाग नापास झाला की ठपका यंत्रावर उभ्या असलेल्या माणसावर येतो.

येथे एक साधे गणित पाहण्यासारखे आहे. एक किलोवॉट उष्णता मिनिटाला एक लिटर पाण्यात गेली, तर ते पाणी सुमारे १४ अंशांनी तापते. पाच किलोवॉटच्या यंत्रावर मिनिटाला ४० लिटर सोडले, तर पाणी जेमतेम दोन अंशांनी तापेल. आणि तरीही जॉब जळतो! कारण ते पाणी जेथे हवे तेथे पोहोचतच नाही. सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरणारे चाक स्वतःभोवती हवेचे कवच ओढून घेते, आणि मंद धार त्यावर आपटून बाजूला सांडते. झोताचा वेग चाकाच्या वेगाच्या जवळ नेला, तर तो कवच भेदून आत शिरतो. ३० मीटरच्या वेगासाठी सुमारे साडेचार बार दाब लागतो. तोंड अरुंद व आतून गुळगुळीत असलेला नोझल, चाकालगत हवा अडविणारी पट्टी आणि योग्य दाबाचा पंप एवढ्यावर बरेच लिटर वाचू शकतात. नळ नुसता पिळून बंद करणे ही बचत नव्हे. त्याने भाग जळतात.

दुसरी वाट टिकविण्याची. टाकीवर यंत्राचे गळके तेल साचले की खालचा प्राणवायू तुटतो, जंतू माजतात आणि सुट्टीनंतर कारखाना उघडताच सडक्या अंड्यांचा वास येतो. मग सगळी टाकी ओतून द्यावी लागते. ते तेल रोज काढणे, पाण्यातील तेलाचे प्रमाण रोज मोजणे ही स्वस्तातली काटकसर; पण तिला रोजचा माणूस लागतो, आणि माणूस कमी करण्यावर तर साऱ्यांचा डोळा.

तिसरी वाट आधुनिक आहे: तासाला दहा ते शंभर मिलिलिटर तेल हवेबरोबर फवारायचे. क्युबिक बोरॉन नायट्राइडचे कण उष्णता चांगली वाहून नेतात, म्हणून तशा चाकांवर हे अधिक साधते. साध्या चाकाची छिद्रे मात्र धुणारे पाणी नसल्याने किसाने बुजतात. शिवाय हजारो लिटर वाचले म्हणून श्वासातले तेल कमी झाले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. फवाऱ्यातील बारीक थेंब हवेत तरंगतात. यंत्राला बंदिस्त आवरण आणि हवा ओढणारी व्यवस्था नसेल, तर टाकीचा खर्च फुप्फुसावर चढतो, एवढेच.

हे काल्पनिक भय नाही. बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज येथील इंजिन कारखान्यात २००३-०४ साली अशाच द्रवांच्या तुषारांमुळे कामगारांना दमा व फुप्फुसदाह जडल्याचे उघड झाले. अमेरिकेतील मोटार कामगारांच्या संघटनेने १९९३ साली सरकारकडे कडक नियमांची मागणी केली. १९९८ साली तेथील सरकारी संशोधन संस्थेने घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम अशी एकूण तुषारांची मर्यादा सुचविली. खनिज तेलाच्या तुषारांची कायदेशीर मर्यादा पाच मिलिग्रॅम, म्हणजे दहापट. २००१ साली हा विषय सरकारने कार्यक्रमपत्रिकेवरून काढला. २००४ साली न्यायालयानेही संघटनेचा अर्ज फेटाळला. ती पाच मिलिग्रॅमची मर्यादा आजही कायम आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मौज अशी, की या द्रवाचा पूर्ण खर्च एका ठिकाणी लिहिलाच जात नाही. जर्मन मोटार उद्योगात १९९०च्या दशकात तो एकत्र मांडला गेला, तेव्हा तो उत्पादनखर्चाच्या ७ ते १७ टक्के, म्हणजे हत्यारांच्या खर्चाहूनही जास्त निघाला. एरवी तेल खरेदीच्या खात्यात, पंप विजेच्या बिलात, सांडपाणी तिसऱ्याच वहीत. हाताला उठलेला इसब आणि कंत्राटी कामगाराने उघड्या हातांनी उपसलेली टाकी कोणत्याच वहीत नाही.

भोसरी-चिंचवडच्या लहान कारखान्यांत ग्राइंडिंगची यंत्रे थोडीथोडकी नाहीत. तेथे कूलंट कपातीचा प्रस्ताव येईल तेव्हा संघटनेने त्याला विरोध करण्याचे कारण नाही. नवे नोझल बसणार की जुनाच नळ पिळणार, हवा कोण मोजणार, मोजणीची नोंद कामगारांना दिसणार का, आणि त्या काळात जळालेल्या जॉबचे पैसे कोणाच्या पगारातून कापणार, एवढे मात्र सहीआधी लेखी मागून घ्यावे.