वरातीचा बँड आणि मुंबईचा जॅझ

वऱ्हाडांत लग्नसराई सुरू झाली कीं वाशीम, रिसोड, कारंजा, मालेगांव या गांवांतून जी वरात निघते, तिच्या अग्रभागीं बँड असावा ही जुनी रीत आहे. (मालेगांव म्हणजे येथें नाशिककडील मागांचें शहर नव्हे; वाशीम जिल्ह्यांतील त्याच नांवाचें तालुक्याचें गांव.) लाल किंवा निळा डगला, खांद्यावर सोनेरी झालर, हातांत ट्रंपेट, क्लॅरिओनेट, क्वचित् सॅक्सोफोन आणि मागें ड्रम. जॅझ हा शब्द त्या वरातींतील बहुतेक मंडळीस परका वाटेल. परंतु ज्या वाद्यांनीं जॅझ घडविला तींच हीं वाद्यें होत. आणि या वाद्यांवर जीं गाणीं आवडीनें वाजतात त्यांपैकीं कित्येक गाण्यांच्या अंगांत मुंबईच्या जॅझवाल्यांचें रक्त खेळत आहे. हें नातें फारसें कोणास ठाऊक नसतें, कारण ज्यांनीं तें जुळविलें त्यांचीं नांवें गाण्यांबरोबर प्रवास करूं शकलीं नाहींत.

प्रथम जॅझ म्हणजे काय, हें आपल्या कानास परिचित अशा भाषेंत पाहिलें पाहिजे. जॅझचा जन्म अमेरिकेंत, गुलामगिरींतून बाहेर पडलेल्या निग्रो समाजांत झाला. त्याची चौकडी बहुधा अशी असते : पियानो, सॅक्सोफोन किंवा ट्रंपेट, उभा बास आणि ड्रम. चौघे मिळून आरंभीं एक चाल वाजवितात. ही झाली बंदिश. मग ती बाजूस ठेवून एकेक जण पुढें येतो आणि त्याच चालीच्या आंवाक्यांत, तेथल्या तेथें सुचेल तें वाजवितो. बाकीचे त्यास सांभाळून घेतात. आणि शेवटीं सर्वजण पुन्हां मूळ चालीवर येतात. आपल्याकडील ख्यालाच्या श्रोत्यास हें ऐकून नवल वाटूं नये. बारा किंवा बत्तीस मात्राखंडांचें त्यांचें आवर्तन आणि आपलें आवर्तन, त्यांचें मूळ चालीवर परतणें आणि आपलें समेवर येणें, हीं जवळचीं भावंडें आहेत. भेद आहे तो बंधनांत. आपला गवई रागाच्या स्वरांनीं बांधलेला. जॅझवाला एकामागून एक बदलत जाणाऱ्या स्वरसंघांनीं बांधलेला. एकाची वाट एकाच नदीच्या कांठानें जाते, तर दुसऱ्यास दर दोन पावलांस नवी नदी ओलांडावी लागते.

म्हणूनच ध्वनिमुद्रिका आणि जॅझ यांचें नातें मोठें चमत्कारिक आहे. जें पुन्हां तसेंच वाजावयाचें नसतें तेंच तबकडीवर कायमचें कोरून ठेवावयाचें! त्यांतून जुन्या तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. अब्दुल करीम खांसाहेबांच्या ख्यालास जी अडचण पडली तीच शिकागोच्या ट्रंपेटवाल्यास पडली. परंतु तबकडी नसती तर समुद्रापलीकडील हें संगीत मुंबईस पोंचलेंच नसतें.

पोंचलें तें आधीं तबकड्यांतून, नंतर प्रत्यक्ष. 1935 सालीं लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला निग्रो वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. त्याच्या मागोमाग ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड हे आले. स्मिथच्या वाद्यवृंदानें 1936 सालीं मुंबईंतच एक तबकडी मुद्रित केली. तिचें नांव ताजमहालावरूनच ठेवलेलें होतें. पुढें 2012 मध्यें नरेश फर्नांडिस यांनीं मुंबईच्या जॅझचा इतिहास लिहिला, तेव्हां त्यांनीं ग्रंथास तेंच नांव दिलें : 'ताजमहाल फॉक्सट्रॉट'. वेदरफर्ड पुन्हां मायदेशीं गेला नाहीं. 1945 मध्यें कलकत्त्यास पटकीनें त्याचा अंत झाला. जो मनुष्य आपल्या देशांत कातड्याच्या रंगामुळें पुढच्या दरवाजानें हॉटेलांत शिरूं शकत नसे, त्यास येथें राजेरजवाड्यांच्या टाळ्या मिळाल्या. त्या टाळ्या वाजविणाऱ्या दालनांत या देशांतील सामान्य माणसास किती प्रवेश होता, हा प्रश्न निराळा.

या परदेशी मंडळींच्या शेजारीं बसून, त्यांचें ऐकून आणि त्यांच्यासाठीं लिहिलेले कागद वाचून जे तयार झाले ते गोमंतकीय वादक. गोव्याच्या गांवोगांवच्या चर्चशाळेंत मुलास सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन आणि त्यावरून गाणें, व बहुधा व्हायोलिनही शिकवीत. शेती थोडी, घरांत माणसें पुष्कळ. तेव्हां विद्या घेऊन मुंबई गांठावयाची. मुंबईंत उतरावयाचें तें 'कुडां'त. एकेका गांवानें आपल्या माणसांसाठीं चालविलेलीं हीं वसतिगृहें. त्यांस इंग्रजींत क्लबच म्हणत. धोबीतलावाच्या जेर महाल इमारतींत अशा कुडांची दाटी होती. एक खाट नव्हे, तर एक पेटी ठेवण्यापुरती जागा, भिंतीवर गांवच्या संताची तसबीर, आणि कोपऱ्यांत व्हायोलिनची केस. रात्रीं ज्या क्लबांत तो वाजवी तो क्लब आणि ज्या क्लबांत तो निजे तो क्लब, यांत केवढें अंतर!

अशांपैकीं एक अंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916, हळदोणें गांवचा. मुंबईनें त्यास ओळखलें तें चिक चॉकलेट या नांवानें. ट्रंपेट वाजविण्याची आणि घोगऱ्या आवाजांत गाण्याची त्याची ढब लुई आर्मस्ट्राँगची होती, इतकी कीं त्यास हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत. ताजमध्यें 1939 पासून पुढें वीसेक वर्षें मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद होता. सॅक्सोफोनवर रूडी कॉटन होते. नांवावरून साहेब वाटणारे हे गृहस्थ मूळचे पारशी, कावसजी खटाव. नांवें बदलण्याची ही हौस नव्हती. यजमानास विलायती नांव लागे.

पुढें काळ फिरला. 1947 मध्यें इंग्रज गेले, संस्थानें विलीन झालीं, आणि 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें हॉटेलांच्या रात्रींचा रंग उतरला. दारूबंदीच्या बाजूनें व विरुद्ध पुष्कळ बोलण्यासारखें आहे. येथें एवढेंच कीं तिची झळ सर्वांत आधीं ज्यांस लागली त्यांत व्हायोलिन आणि ट्रंपेटवाले होते. त्यांस पोटासाठीं दुसरें दार शोधावें लागलें, आणि तें दार चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहाचें निघालें.

त्या दारांत उभे असलेल्यांपैकीं एक मराठी गृहस्थ होते, रामचंद्र चितळकर. चित्रपटसृष्टींत सी. रामचंद्र. जन्म 1918, नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचा. परंतु संगीताचे धडे त्यांनीं नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याजवळही घेतले. वऱ्हाडच्याच मूर्तिजापुरास जन्मलेले वसंतराव देशपांडे याच सप्र्यांचे शिष्य. एकाच गुरूच्या ओसरीवरून एक शिष्य नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या शिखराकडे गेला, दुसऱ्यानें सॅक्सोफोन आणि बाँगो यांच्याशीं सोयरीक केली. यांत घरभेदीपणा कांहीं नाहीं. ज्याचा कान पक्का आहे तो परक्या सुरास भीत नाहीं, आणि पुढें 'ऐ मेरे वतन के लोगो' या गीताची चाल बांधणारा मनुष्य तोच आहे हें विसरून चालणार नाहीं.

रामचंद्र चाल पेटीवर बांधीत. ती चाल पंचवीस-तीस वादकांच्या वाद्यवृंदास कशी वांटून द्यावयाची, कडव्याआधीं ट्रंपेट काय म्हणेल, गायिकेच्या श्वासाच्या जागीं क्लॅरिओनेट कसें डोकावेल, हें कागदावर उतरविणें हें निराळें शास्त्र. आणि तें त्या काळीं मुख्यत्वें गोमंतकीयांच्या हातीं होतें. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत ही कामगिरी अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट अशांनीं केली. चिक हा रामचंद्रांचा सहायक. 1951 च्या 'अलबेला'ने या जोडीचें काम घरोघर नेलें. भगवान पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा नायक, गीता बाली नायिका, आणि नृत्याच्या ठेक्यांत क्यूबाचा वारा. त्यापुढें 1957 च्या 'आशा'मध्यें 'ईना मीना डीका' आलें. त्या गाण्याच्या निरर्थक शब्दांत मध्येंच 'माका नाका' हे कोंकणी शब्द आहेत. ते रामचंद्रांचे गोमंतकीय सहकारी जॉन गोम्स यांनीं सुचविले असें सांगतात. 'मला नको' असा त्यांचा अर्थ. सबंध हिंदुस्थान तें गाऊं लागला, अर्थ मात्र कोंकणपट्टीसच कळला.

आतां नांवाचा प्रश्न. तबकडीच्या लेबलावर चित्रपटाचें नांव, गायकाचें, संगीतकाराचें. ज्यानें वाद्यांचा सारा संसार मांडला त्यास आणि ज्यांनीं तो वाजविला त्यांस तेथें जागा नसे. चित्रपटाच्या श्रेयनामावलींत सहायकाचें नांव कधीं येई, कधीं गळे. गंमत अशी कीं स्वतः रामचंद्र एकटेच अनेक नांवांनीं वावरले; संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर, आरंभींच्या काळांत आणखीही एकदोन. एकास चार नांवें, चाळिसांस एकही नाहीं, असा हा हिशेब होता.

गायकांची स्थितीही आरंभीं फारशी बरी नव्हती. 1949 च्या 'महल' चित्रपटांतील ज्या गीतानें लता मंगेशकर यांचा आवाज सर्वत्र पोंचला, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नांव छापलें होतें 'कामिनी'. तें चित्रपटांतील पात्राचें नांव! श्रोत्यांनीं नभोवाणीकडे पत्रांमागून पत्रें पाठविलीं, तेव्हां खरें नांव विचारून घेऊन तें ध्वनिक्षेपकावरून सांगावें लागलें. पुढें पार्श्वगायकांसाठीं फिल्मफेअरचें स्वतंत्र पारितोषिक निघालें, तें पहिल्यानें 1959 मध्यें दिलें गेलें. श्रोत्याची एक चौकशी आणि गायिकेचा हट्ट यांनीं केवढें काम केलें! ट्रंपेट कोण वाजवितो, अशी चौकशी करणारीं पत्रें मात्र फारशीं गेलीं नाहींत. दोष वादकांचा नव्हे. आपल्या कानास पुढचा आवाज ऐकण्याची संवय, मागचा आवाज ऐकण्याची नाहीं.

1958 या एका सालाकडे या दृष्टीनें पाहावें. त्या वर्षीं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानें डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीस पोलंड, तुर्कस्तान, हिंदुस्थान अशा देशांच्या दौऱ्यावर धाडलें. पियानोवर ब्रूबेक, सॅक्सोफोनवर पॉल डेसमंड, ड्रमवर जो मोरेलो, बासवर यूजीन राइट. मुंबईंत ब्रूबेक सतारवादक अब्दुल हलीम जाफर खां यांच्यासह बसले. एकानें पियानो छेडला, दुसऱ्यानें सतार, आणि दोघांस एकमेकांचें व्याकरण न शिकतांही संभाषण जमलें. परत गेल्यावर त्याच वर्षीं ब्रूबेकनीं 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया' ही दीर्घमुद्रिका केली. तींत 'कॅलकटा ब्लूज' ही एक रचना आहे, आणि मोरेलो तींत काठ्या बाजूस ठेवून बोटांनीं ड्रम वाजवितो. तबल्याचा तो दुरून केलेला नमस्कार होय. त्या मुद्रिकेंत बासवर राइट नाहीं, जो बेंजामिन आहे. आणि हें आज सांगतां येतें, कारण तेथें चारही वादकांच्या नांवांची नोंद राहिली.

त्याच 1958 मध्यें मुंबईंत अँथनी गोन्साल्विस यांनीं 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक रागदारीवर भाळलेला. चित्रपटांत मिळविलेला पैसा त्यानें या वृंदांत घातला, झेवियर महाविद्यालयाच्या चौकांत जलसा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्याकडून गाववून घेतलें. रागाचें अंग न मोडतां त्यास स्वरसंघांचा पोशाख चढवावा, असा त्याचा ध्यास होता. तो प्रयोग फार काळ टिकला नाहीं. 1977 मध्यें 'अमर अकबर अँथनी' चित्रपटांतील एका गाण्यांत त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें, कारण संगीतकार-जोडीपैकीं प्यारेलाल हे त्याचे व्हायोलिनचे शिष्य. त्यांनीं गुरूस वाहिलेली ती दक्षिणा होती. पण गाणाऱ्या लक्षावधींस वाटलें कीं हें पडद्यावरच्या पात्राचेंच नांव. म्हणजे 'महल'मध्यें पात्राच्या नांवानें कलावतीस झांकलें आणि येथें कलावंताचें नांवच पात्राखालीं झांकलें गेलें.

आज मुंबईंत एखादी चौकडी आपली मुद्रिका प्रसिद्ध करते, तेव्हां क्लबांतील त्या रात्रीं चौघांचीं नांवें उच्चारलीं जातात आणि वेष्टणावर छापलींही जातात. रचना त्यांच्या, नांव त्यांचें. चित्रपटांच्या वादकांबाबत मात्र कायदा अजून हात आंखडून आहे. 2012 मध्यें प्रताधिकाराच्या कायद्यांत जी दुरुस्ती झाली तिनें वादकास आपल्या वादनावर नांव सांगण्याचा हक्क दिला. परंतु त्याच दुरुस्तींत अशी पुस्ती जोडली कीं चित्रपटांत ज्याचें काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या प्रथेनुसार ज्याचें नांव श्रेयनामावलींत येत नाहीं, तो त्या हक्कापुरता कलावंतच समजला जाणार नाहीं. नांव दिलें नाहीं म्हणून कलावंत नव्हे, आणि कलावंत नव्हे म्हणून नांव नाहीं : न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास अन्योन्याश्रय दोषाचें याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं.

चिक चॉकलेट 1967 मध्यें मुंबईंत वारला. 'अलबेला' पुन्हां पाहण्याचा योग आला तर नायक-नायिकेच्या मागें थोडें लक्ष द्यावें. तेथें वाद्यवृंदाच्या अग्रभागीं ट्रंपेट ओठास लावून उभा असलेला, झालरीच्या बाह्यांचा सदरा घातलेला जो सांवळा, हंसतमुख गृहस्थ दिसतो, तो कोणी नट नव्हे. तोच हळदोण्याचा अंतोनियो वाझ.