ट्रॅक्टरचें पायताण

बैलगाडीच्या चाकावर लोहार तापलेली लोखंडी धाव चढवूं लागला, म्हणजे गांवांतलीं मुलें भोंवतीं गोळा होत. ती धाव एकदां नीट बसली कीं मालकाला पुढें कित्येक वर्षें तिच्याकडे पाहावें लागत नसे. ट्रॅक्टरचीं पहिलीं चाकेंही लोखंडाचींच होतीं. त्यांचे दांते मातींत रुतून यंत्राला पुढें रेटीत. परंतु तेच दांते सडक फोडीत आणि चालकाचीं हाडें खिळखिळीं करीत. १९३२ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅलिस-चामर्स कंपनीनें आपल्या ‘यू’ नांवाच्या ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर बसवून तो विक्रीस आणला, आणि पुढें लोखंडी चाक हळूहळू मागें पडलें. शेतकऱ्याला सुख लाभलें, पण त्याबरोबर एक विवंचनाही आली. रबर झिजतें, आणि झिजल्यावर नवा टायर कोणता घ्यावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

शहरांतील पुष्कळ कुटुंबांची गांवाकडे शेती असते. भाऊ किंवा चुलते ती पाहतात, आणि असा मोठा खर्च निघाला म्हणजे पैशासाठीं व सल्ल्यासाठीं निरोप शहराकडे येतो. अशा वेळीं ‘जो स्वस्त मिळेल तो घ्या’ किंवा ‘घेतांच आहां तर मोठा घ्या’ हीं दोन्ही उत्तरें सारखींच धोक्याचीं ठरतात.

नाशिककडील द्राक्षबागेचें उदाहरण घ्यावें. तेथें दोन ओळींमधील वाटेनें लहान ट्रॅक्टर फवारणीचें यंत्र घेऊन फिरतो. गोडी छाटणीनंतर पाऊस लागला कीं केवडा रोग थोडक्या दिवसांत कोवळा बहर नासवूं शकतो. त्या वेळीं औषध मारण्यास एक दिवसाचाही उशीर परवडत नाहीं. नेमकी तेव्हांच काळी जमीन चिखल होऊन चाकाला बिलगते. टायरचे दांते झिजलेले असले तर चाक जागच्या जागीं फिरतें, खड्डा पाडतें, आणि हाताशीं आलेलें वर्षाचें पीक डोळ्यांदेखत धोक्यांत येतें. उलट, त्याच वाटेनें वारंवार गेलेलें जड चाक माती दाबून घट्ट करतें. पाणी मुरत नाहीं आणि मुळांना हवा मिळत नाहीं. पकड हवी, पण भार नको, अशी ही ओढाताण आहे. टायरची निवड म्हणजे या दोहोंचा मेळ घालणें होय.

प्रथम टायरवरील अक्षरें वाचावींत. ‘८.३-२०’ असें लिहिलें असेल, तर पहिला आंकडा टायरची रुंदी आणि दुसरा ज्या लोखंडी कड्यावर तो बसतो त्याचा व्यास, दोन्ही इंचांत, दाखवितो. मधल्या आडव्या रेघेच्या जागीं ‘आर’ हें अक्षर असल्यास टायर रेडियल जातीचा समजावा. त्याची बाजू अधिक लवचिक असते, त्यामुळें तो जमिनीवर लांब पसरून भार वांटतो. मात्र किंमत अधिक पडते. एकाच आंसावर एका बाजूस रेडियल व दुसऱ्या बाजूस साधा टायर कधींही लावूं नये.

नंतर नक्षी पाहावी. ‘आर-१’ हा नेहमींचा शेतीचा टायर. त्याचे तिरपे दांते चिखल बाहेर सारीत जातात. ‘आर-२’ चे दांते फार खोल असून ते भाताच्या चिखलणीसाठीं योग्य असतात. डांबरी सडकेवर ते लवकर झिजतात. ‘आर-३’ हा हिरवळ न दुखविणारा सपाट टायर आहे. काळ्या चिखलांत त्याच्या खांचा भरून जातात. ‘आर-४’ हा उचल-टाक करणाऱ्या यंत्रांसाठीं केलेला भक्कम प्रकार आहे. बागेच्या कामास बहुधा ‘आर-१’ पुरतो. तो बसवितांना तिरप्या दांत्यांच्या बाणाचें टोंक जमिनीला आधीं टेकेल अशी दिशा ठेवावी. उलटा बसविला, तर चिखल बाहेर जाण्याऐवजीं मध्यें सांठतो.

सर्वांत महाग चूक होते ती चारही चाकें ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतींत. अशा यंत्रांत पुढचीं व मागचीं चाकें दंतचक्रांनीं एकमेकांस जोडलेलीं असतात, आणि पुढचीं चाकें किंचित् अधिक वेगानें चालावींत असें त्यांचें प्रमाण ठरविलेलें असतें. नुसते मागचे टायर मोठे घेतले कीं हें प्रमाण बिघडतें. मऊ मातींत चाक घसरून तें निभावतें. कठीण रस्त्यावर मात्र सारा ताण दंतचक्रांवर येतो, आणि टायरमध्यें वांचविलेले पैसे पेटीच्या दुरुस्तींत जातात. म्हणून मूळ मापाचेच टायर घ्यावेत. निराळें माप घेणें भागच असेल, तर सपाट जागीं चाकाला खडूची खूण करून दहा फेऱ्यांत पुढचें व मागचें चाक किती अंतर कापतें तें मोजावें, आणि यंत्राच्या पुस्तिकेशीं ताडून पाहावें.

टायरच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानांत वर्षानुवर्षें उन्हांत राहिलेला टायर कोरा दिसला तरी त्याच्या बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. तेथेंच ‘स्वस्त तें महाग’ ही म्हण खरी ठरते.

टायर घेतल्यावरही काम संपत नाहीं. टायरमधील हवेचा दाब जेवढा, सुमारें तेवढाच दाब जमिनीवर पडतो. म्हणून शेतांत, उत्पादकाच्या तक्त्यांत दिलेल्या मर्यादेंत राहून, हवा कमी ठेवावी. ओझें घेऊन सडकेनें जातांना ती वाढवावी. फार कमी केल्यास टायर कड्यावरून सरकतो व आंतील ट्यूबची नळी तुटते. पकड वाढविण्यासाठीं कांहीं जण मागील टायरांत तीन चतुर्थांश पाणी भरतात. प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो वजन, हें त्यांनीं विसरूं नये. नांगरटीला तें उपयोगी पडतें, पण फवारणीच्या फेऱ्यांत तोच भार मुळांच्या छातीवर बसतो. हवा भरतांना माणसानें टायरसमोर उभें राहूं नये. कड निसटून जीव गेल्याचे प्रसंग घडलेले आहेत.

गांवाहून निरोप आला म्हणजे शहरांतील भावानें किंमत विचारण्याआधीं चार गोष्टी विचाराव्यात: जुन्या टायरवर कोणते आंकडे आहेत, जमीन कोणती आहे, सडकेनें जाणें किती होतें, आणि पुढचीं चाकें ओढतात कीं नुसतीं वळतात. एवढीं उत्तरें हातीं आलीं कीं दुकानदाराच्या आग्रहाची गरज उरत नाहीं. झिजलेल्या टायराच्या पुढें चपला होतात, त्या कोणाच्याही पायांत चालतात. ट्रॅक्टरचें पायताण मात्र त्याच्याच मापाचें आणि त्याच्याच वाटेचें हवें.